फ्लॅटवाउंड तारा घ्यायच्या आहेत? बास वाजवणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

मुंबईत बास गिटार वाजवणारे आम्ही बहुतेक जण सगळंच वाजवतो. शनिवारी विलेपार्ल्याला भावगीतांचा कार्यक्रम असतो, रविवारी ठाण्यात ऑर्केस्ट्रा, मधल्या वारी एखादं रेकॉर्डिंग. माझ्या बासवर गेली अनेक वर्षं फ्लॅटवाउंड तारा आहेत. त्यामुळे तालमीत, मेकअप रूममध्ये, परतीच्या लोकलमध्येसुद्धा त्यांच्याबद्दल विचारणा होते. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न आणि माझी उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

फ्लॅटवाउंड म्हणजे नेमकं काय?

बासच्या प्रत्येक तारेच्या पोटात पोलादाची एक गाभ्याची तार असते आणि तिच्याभोवती दुसरी तार गुंडाळलेली असते. ही बाहेरची तार गोल असेल तर ती राउंडवाउंड. पट्टीसारखी चपटी असेल तर फ्लॅटवाउंड. नख तारेवरून लांबीच्या दिशेने ओढून बघा. राउंडवर खर्र असा आवाज येतो, फ्लॅटवर नख सरळ घसरत जातं.

याच्या मधला प्रकार म्हणजे हाफराउंड. गोल तार गुंडाळून नंतर तिचा वरचा भाग घासून किंवा दाबून सपाट करतात. चौथा प्रकार टेपवाउंड, म्हणजे धातूवर नायलॉनच्या पट्टीचं वेष्टण. बहुतेक टेपवाउंड काळ्या दिसतात. त्यांच्याबद्दल पुढे सांगतो.

ही नवी फॅशन आहे का?

उलट आहे. १९५१ मध्ये फेंडर या अमेरिकी कंपनीचा प्रिसिजन बास आला तेव्हा त्यावर फ्लॅट तारा असत. राउंडवाउंड बासवर रुळल्या त्या १९६० च्या दशकात, तारा बनवणाऱ्या रोटोसाउंड कंपनीने 'द हू' बँडचे बासवादक जॉन एन्टविसल यांच्यासोबत काम करून त्यांचा चमकदार आवाज पुढे आणल्यावर. मोटाउन या अमेरिकी रेकॉर्ड कंपनीच्या रेकॉर्डिंगमध्ये जेम्स जेमरसन यांचा जो बास ऐकू येतो तो जाड फ्लॅट तारांचा, आणि उजव्या हाताच्या एकाच बोटाने वाजवलेला.

आवाजात खरंच एवढा फरक पडतो?

पडतो, आणि मला तो तबलजींमुळे कळला.

दादरला एका तालमीत माझ्या बासवर नव्याकोऱ्या राउंड तारा होत्या. आवाज घंटेसारखा लख्ख. मी खूश होतो. दुसऱ्या गाण्यानंतर तबल्यावरचे काका थांबले आणि म्हणाले, "अरे, तुझा सूर संपतच नाही. माझा डग्गा कुठे ऐकू येतोय?" मी टोनचा नॉब खाली केला. आवाज बोथट झाला, पण सूर तेवढाच लांबत राहिला. काकांनी मान हलवली. "आवाज कमी नको करू. सूर वेळेवर सोड."

ते बरोबर होते. डग्ग्यावर तळहात सरकवून जी मींड काढतात ती ठोक्यानंतरच्या अर्ध्या क्षणात असते. त्याच जागेत बासचा सूर घुमत राहिला की मींड बुडते. राउंड तारेत वरचे स्वरांश, म्हणजे मूळ सुरासोबत वाजणारे बारीक सूर, भरपूर असतात आणि ते बराच वेळ टिकतात. फ्लॅट तारेत ते मुळात कमी, आणि असतात तेही लवकर विरतात. मागे उरतो तो मूळ सूर. सुरुवातीला एक गोल ठोका येतो, मग सूर आणि मग जागा रिकामी. त्या रिकाम्या जागेत डग्गाही बसतो आणि गायकाचा शब्दही. गाण्याच्या साथीत वादकाने किती वाजवलं याइतकंच किती जागा सोडली हेही ऐकू येतं. फ्लॅट तारा ती जागा सोडायला मदत करतात.

दुसरी गोष्ट बोटांची. राउंड तारेवर हात एका सुरावरून दुसऱ्यावर सरकवला की चर्र असा आवाज होतो. ऑर्केस्ट्राच्या गदारोळात तो कुणाला कळत नाही. पण हार्मोनियम, तबला आणि एक गळा एवढ्याच साथीत तो माइकमधून मागच्या रांगेपर्यंत जातो. फ्लॅटवर हा आवाज जवळजवळ नाहीसा होतो.

सगळ्या कंपन्यांच्या फ्लॅट तारा सारख्याच वाजतात का?

नाही, आणि इथेच लोकांची सर्वात जास्त फसगत होते. तीन टोकं ध्यानात ठेवा.

डी'अ‍ॅडारिओ क्रोम्स या स्टेनलेस पट्टीच्या तारा फ्लॅटमध्ये उजळ समजल्या जातात. राउंड सोडून पहिल्यांदाच इकडे येणाऱ्याला त्या परक्या वाटत नाहीत. ४५-१०० चा सेट मिळतो, ५०-१०५ चाही. (हे आकडे सर्वात बारीक आणि सर्वात जाड तारेच्या जाडीचे, इंचाच्या हजाराव्या भागांत.)

ला बेलाच्या डीप टॉकिंग बास तारा जुन्या वळणाच्या आहेत: भरीव, खोल, ठोका मोठा. त्यातला ५२-११० चा जाड सेट जेमरसन यांच्या नावाशी जोडलेला आहे. ४५-१०५ आणि त्याहून हलके सेटही आहेत.

व्हिएन्नाच्या थोमास्टिक-इनफेल्डच्या जाझ फ्लॅट्स ४३-५६-७०-१०० अशा येतात. निकेलची पट्टी, ताण खूपच कमी, मधले सूर पुढे येणारे. हाताला त्या इतक्या मऊ लागतात की पहिल्या दिवशी वाटतं तारा नीट चढवल्याच नाहीत. काहींना त्या जन्मभर सुटत नाहीत, काही जण आठवड्यात काढून टाकतात.

यांच्या अधेमधे रोटोसाउंडच्या मोनेल फ्लॅट तारा आहेत. मोनेल हा निकेल आणि तांब्याचा मिश्रधातू. एर्नी बॉलच्या कोबाल्ट फ्लॅट्स मात्र उजळपणात राउंडच्या बऱ्याच जवळ जातात.

मग गेज बघून निवडू की आणखी काही?

गेज बघा, पण त्यावर थांबू नका. पाकिटावरचा ४५ म्हणजे ०.०४५ इंच, तारेची जाडी. हाताला लागतो तो ताण, आणि ताण तीन गोष्टींवर ठरतो: तारेचं दर इंची वजन, नट (मानेच्या टोकाची खाचांची पट्टी) ते ब्रिज (धडावर तारा जिथे टेकतात तो भाग) हे अंतर आणि तुम्ही लावलेला सूर. जाडी या तिघांत नाही. एकाच जाडीच्या दोन तारांचं वजन वेगळं असू शकतं. गोल तार गुंडाळली की वेढ्यांच्या मध्ये पोकळी राहते, चपटी पट्टी गुंडाळली की ती भरून जाते. म्हणून त्याच गेजची फ्लॅट तार साधारणपणे राउंडपेक्षा जड असते आणि जास्त ताठ लागते. राउंडच्या ४५-१०५ वरून फ्लॅटच्या ४५-१०५ वर आलात तर हाताला फरक जाणवणारच. तो नको असेल तर पहिला सेट एक पायरी हलका घ्या.

कंपनी ताणाचे आकडे देत असेल तर चारही तारांचे आकडे शेजारी शेजारी लिहून बघा. एखादी तार बाकीच्यांपेक्षा फार ताठ किंवा फार सैल असेल तर उजव्या हाताला प्रत्येक तारेवर वेगळा जोर लावावा लागतो. मी ब्रँडच्या आधी हे बघतो.

आमच्या गायकांची पट्टी काळी दोन आहे. याचा तारांशी काय संबंध?

हा प्रश्न फार कमी जण विचारतात. आपल्याकडच्या साथीत मात्र तोच सर्वात महत्त्वाचा आहे.

चार तारांच्या बासचा सर्वात खालचा सूर ई, म्हणजे पांढरी तीन. गायक काळी दोनमध्ये गात असेल तर त्याचा षड्ज नेमका अर्ध्या सुराने खाली, बासच्या बाहेर पडतो. 'ए' तारेवर सहाव्या पडद्यावर सा मिळतो, पण तो एक सप्तक वरचा. खालचा सा हवा म्हणून बरेच जण ईची तार अर्धा सूर उतरवतात. पांढरी दोन असेल तर पूर्ण सूर.

आता ताणाचं गणित बघा. ई ४१.२ हर्ट्झवर वाजते, अर्धा सूर खाली ३८.९ वर. ताण कंपनसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो, म्हणून अर्ध्या सुराला तो सुमारे ११ टक्के कमी होतो आणि पूर्ण सुराला सुमारे २१ टक्के. तार मुळातच कमी ताणाची असेल तर ती पडद्यांवर आपटायला लागते, आणि जोरात छेडली की ठोक्याच्या क्षणी सूर चढतो. एखादी ताई संथ लयीतलं भजन गात असताना खर्जातला सा असा हलला तर सगळी बैठक मोडते.

म्हणून माझा सल्ला असा. एकाच गायकाबरोबर नेहमी वाजवत असाल तर त्यांची पट्टी आधी विचारा, तार नंतर घ्या. ई सतत उतरवावी लागत असेल तर मध्यम किंवा जास्त ताणाचा सेट घ्या, ईची तार १०५ तरी असू द्या. सगळं नेहमीच्या सुरात वाजवत असाल तर कमी ताणाच्या तारा सुखाने वापरा.

फ्लॅट तारांनी बासची मान वाकते का?

ताण वाढला की मान थोडी पुढे झुकते, कमी झाला की मागे जाते. ट्रस रॉड, म्हणजे मानेच्या आतली आवळता येणारी सळई, त्यासाठीच असते. यात घाबरण्यासारखं काही नाही, फक्त वेळ द्यावा लागतो. मी एकदा तो दिला नव्हता.

शनिवारी कार्यक्रम होता आणि शुक्रवारी रात्री अकरा वाजता मी ४५-१०० काढून ५२-११० चा सेट चढवला. रात्री छान वाजला. सकाळी बघतो तर मान झुकलेली, बाराव्या पडद्यापाशी तारा वर गेलेल्या, आणि ईची जाड तार नटच्या खाचेत पूर्ण बसतच नव्हती, वरच्या कडेवर टेकली होती. तीन तास तसंच वाजवलं. घरी आलो तेव्हा डाव्या करंगळीला फोड आला होता. तेव्हापासून कार्यक्रमाच्या आधी किमान एक आठवडा मोकळा असल्याशिवाय मी गेज बदलत नाही.

घरी तपासायचं ते असं. बास सुरात लावा. ईची तार पहिल्या पडद्यावर आणि मान धडाला जोडते तिथे, अशी दोन ठिकाणी दाबा. सातव्या-आठव्या पडद्यावर तार आणि पडदा यांच्यामध्ये व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल इतकी फट हवी. जास्त असेल तर ट्रस रॉड पाव फेरा आवळा. त्याहून जास्त नको. दुसऱ्या दिवशी पुन्हा बघा. नट अडकवत असेल तर खाच कानशीने मोठी करावी लागते. हे काम जाणत्या कारागिराकडे द्या, कारण खाच एकदा खोल गेली की नट बदलावा लागतो.

शेवटी इंटोनेशन, म्हणजे मानेवर सगळीकडे सूर खरा लागणं. बाराव्या पडद्यावरचा हार्मोनिक (तार न दाबता, नुसती स्पर्शून काढलेला सूर) आणि तिथेच दाबून वाजवलेला सूर जुळवा. दाबलेला सूर चढा असेल तर सॅडल (ब्रिजवर तार टेकते तो तुकडा) मागे घ्या, उतरता असेल तर पुढे.

तार लावताना काय सांभाळायचं?

एका वेळी एकच तार बदला, म्हणजे मानेवरचा सगळा ताण एकदम उतरत नाही.

तार कापण्याआधी ट्यूनरच्या पुढे चार-पाच इंच ठेवून ती काटकोनात वाकवा आणि वाकवलेल्या जागेच्या पुढे कापा. न वाकवता कापली तर बाहेरची पट्टी गाभ्यावरून सुटू शकते आणि तार बोदी वाजते. तारेला पीळ पडू देऊ नका. ट्यूनरच्या खुंटीवर तारेच्या टोकाचा रेशमी धागा गुंडाळलेला भाग आला पाहिजे, जाड धातूचा नव्हे. जाड फ्लॅट तार खुंटीवर तीव्र वळणाने गेली तर गाभा दुखावतो. याच कारणामुळे धडातून तार ओवायचे बास असतील तर ब्रिजवरूनच लावता येतात का ते बघा.

मुंबईच्या दमट हवेत या तारा टिकतात का?

राउंडपेक्षा बऱ्या टिकतात. राउंडच्या वेढ्यांच्या मधल्या खाचांत घाम आणि मळ जाऊन बसतो, आवाज मरतो तो मुख्यतः त्यामुळे. फ्लॅटला तशा खाचा नाहीत. पण जुलै-ऑगस्टमध्ये घामेजल्या हाताने वाजवून बास तसाच बॅगेत टाकला तर तारेवर गंज येऊ शकतो. वाजवून झालं की जुन्या सुती धोतराच्या तुकड्याने प्रत्येक तार वरून आणि खालून पुसा. बॅगेत सिलिका जेलच्या दोन पुड्या ठेवा.

वातानुकूलित नाट्यगृहातून बाहेरच्या मंडपात गेलात तर मान आणि तारा दोन्ही हलतात. पोचल्यावर वीस मिनिटं बास बॅगेबाहेर ठेवा, मग सुरात लावा.

महाग आहेत. परवडतात का?

एक सेट राउंडच्या साधारण दीडपट ते दुप्पट पडतो, थोमास्टिकचा त्याहूनही जास्त. पण उजळ आवाज हवा असणारे राउंड तारा काही महिन्यांत बदलतात, फ्लॅट तारा वर्षानुवर्षं चालतात. जेमरसन तर तार तुटल्याशिवाय बदलत नसत. हिशोब वर्षांचा करा.

आणि पहिल्या दिवशी निकाल देऊ नका. नव्या फ्लॅट तारांत थोडी चमक असते, ती रोज वाजवून काही आठवड्यांत बसते. मग ज्या आवाजासाठी त्या घेतल्या तो येतो. माझ्या ओळखीच्या एका मुलाने चौथ्या दिवशी काढून विकल्या. मी त्या त्याच्याकडून घेतल्या आणि आजही त्याच माझ्या दुसऱ्या बासवर आहेत.

फ्लॅटवर स्लॅप किंवा रॉक जमतं का?

स्लॅपचा, म्हणजे अंगठ्याने तार आपटून वाजवण्याचा, चटका हवा असेल तर राउंडच ठेवा. रॉकबद्दलचा समज मात्र चुकीचा आहे. आयर्न मेडन या हेवी मेटल बँडचे बासवादक स्टीव्ह हॅरिस रोटोसाउंडच्या फ्लॅट तारा वाजवतात. १ फेब्रुवारी २००८ ला वांद्रे-कुर्ला संकुलात त्यांच्या जागतिक दौऱ्याची सुरुवात झाली, तेव्हा तिथे असलेल्या कुणालाही विचारा की बास मऊ होता का. प्लेक्ट्रमनेही (बोटांऐवजी वापरायची छोटी पट्टी) फ्लॅट सुंदर वाजतात. लॉस एंजेलिसच्या स्टुडिओंमध्ये बासवादक कॅरल के यांनी तेच केलं.

फ्रेटलेसवर, म्हणजे बिनपडद्यांच्या बासवर?

बिनधास्त. राउंड तार लाकडी फिंगरबोर्ड हळूहळू घासते, फ्लॅट तो जपते. भावगीताला मींड हवी असेल तर फ्रेटलेस आणि फ्लॅट ही जोडी एकदा तरी वाजवून बघाच.

टेपवाउंड तारा लावल्यावर मंडपात घरघर का येते?

बहुतेक बासमध्ये ब्रिजला अर्थिंगची तार जोडलेली असते. धातूच्या तारेवर हात ठेवला की तुमचं अंग त्या जोडणीत येतं आणि घरघर कमी होते. नायलॉनच्या वेष्टणामुळे हा दुवा तुटतो. पिकअपवर (तारेचं कंपन पकडणाऱ्या चुंबकावर) परिणाम नाही, आत पोलाद आहेच. घरी हे जाणवत नाही, पण जनरेटरवर चालणाऱ्या मंडपात कच्चं अर्थिंग असलं की लगेच ऐकू येतं.

याच्याशी जोडलेली, तारांपेक्षा महत्त्वाची गोष्ट: धातूच्या तारांवर हात असताना माइकला ओठ लागून झिणझिण्या आल्या तर ताबडतोब वाजवणं थांबवा आणि साउंडवाल्यांना अर्थिंग तपासायला लावा. "चालतंय दादा, नेहमीच होतं" हे उत्तर मान्य करू नका.

शॉर्ट स्केल आणि पाच तारांच्या बासला काय घ्यायचं?

शॉर्ट स्केल बासमध्ये नट ते ब्रिज हे अंतर ३० इंच असतं, नेहमीच्यात ३४. त्यासाठी शॉर्ट स्केलचाच सेट घ्या. लांब तार कापून लावली तर जाड भाग खुंटीवर येतो. तीच तार त्याच सुराला ३० इंचांवर सुमारे २२ टक्के कमी ताणाने बसते, म्हणून तिथे थोडं जाड गेज चालतं. पाच तारांत खालच्या 'बी' तारेची परीक्षा असते. ती फ्लॅटमध्ये चटकन बोदी वाटते. शक्य असेल तर आधी कुणाच्या तरी बासवर ऐका.

घ्यायच्या कुठे आणि पाकिटावर काय बघायचं?

धोबी तलावला फुर्टाडोजमध्ये विचारा, नाहीतर ऑनलाइन मागवा. नेमका सेट हवा असेल तर जाण्याआधी फोन करा. पाकिटावर तीन शब्द शोधा: फ्लॅटवाउंड, स्केलची लांबी, गेज. एका दुकानात मला "गुळगुळीत म्हणजे फ्लॅटच" असं सांगून हाफराउंडचा सेट दिला गेला आणि मी तो घरी येऊन उघडल्यावर ओळखला. उघडलेलं पाकीट परत घेतलं गेलं नाही.

तारा न बदलता तसा आवाज काढता येईल का?

थोडासा. भांडी घासायच्या स्पंजचा मऊ भाग घ्या, अर्धा इंच जाडीची पट्टी कापा आणि ब्रिजजवळ तारांच्या खाली सरकवा. तार हलकेच टेकली पाहिजे, दाबली जाता कामा नये. सूर आखूड होतो, ठोका पुढे येतो. चर्र आवाज जात नाही आणि बोटांना गुळगुळीतपणाही मिळत नाही. पण फ्लॅटवर पैसे घालण्याआधी एका तालमीत हे करून बघा, आणि तबलजींना विचारा.

काढलेल्या जुन्या फ्लॅट तारा टाकून देऊ का?

मुळीच नको. फ्लॅट सेटमधली एक तार तुटली आणि तिथे नवी लावली तर ती एकटी चमकते, बाकीच्या तीन मुरलेल्या असतात. जुन्या सेटची तार लावली तर आवाज जुळतो. एकदा कापलेली तार त्याच मापाच्या बासवरच बसते, एवढं बघा. सैल वेटोळं करा, पुसा, त्याच पाकिटात सिलिका जेलच्या पुडीबरोबर ठेवा, वर गेज आणि तारीख लिहा. माझ्या बॅगेच्या पुढच्या कप्प्यात अशी दोन पाकिटं कायम असतात.